‘ताशी ३५ नॉट्स’ की ‘३५ नॉट’?

नागपुरातील एका विज्ञानशिक्षिकेने विचारले आहे की, उन्हाळ्यातील एका वादळानंतर सोनेगाव विमानतळावरील वाऱ्याचा वेग एका बातमीत ‘३५ नॉट’, दुसऱ्या बातमीत ‘ताशी ३५ नॉट्स’ आणि तिसऱ्या बातमीत ‘ताशी ३५ किलोमीटर’ असा वाचायला मिळाला. यांपैकी मराठीत कोणता प्रयोग ग्राह्य धरावा, आणि नॉटचे किलोमीटर, मीटर किंवा मैल करून मुलांना कसे शिकवावे?

माझ्या मते पहिला प्रयोग निर्दोष आहे. दुसऱ्यातील ‘ताशी’ अनावश्यकच नव्हे, तर चुकीचे आहे. तिसऱ्या बातमीने नॉट आणि किलोमीटर ही दोन मापे एकच मानल्यामुळे वाऱ्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणला आहे.

नॉट हे अंतराचे माप नाही, ते वेगाचे माप आहे. एका तासात एक सागरी मैल अंतर कापले जात असेल, तर तो वेग एक नॉट होय. म्हणजे तास हा नॉटच्या व्याख्येतच आलेला आहे. ‘ताशी ३५ सागरी मैल’ हे बरोबर आहे आणि ‘३५ नॉट’ हेही बरोबर आहे. परंतु ‘ताशी ३५ नॉट’ असे म्हटले की त्याचा काटेकोर अर्थ दर तासाला वेग ३५ नॉटने वाढत आहे असा होतो, आणि ते वेगाचे नव्हे, त्वरणाचे वर्णन ठरते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नौकानयनविषयक लेखनात ‘नॉट’ हा शब्द सागरी मैलासाठीही वापरला जात असे, आणि त्या अर्थाने ‘ताशी इतके नॉट’ असे लिहिलेले आढळते. तो अर्थ आता मागे पडला आहे. मराठीने तो नव्याने उचलण्याचे कारण नाही.

‘नॉट’ या शब्दात तास कसा शिरला, हे मुलांना अवश्य सांगावे, कारण ते कळले की ‘ताशी’ची चूक पुन्हा होत नाही. शिडाच्या जहाजांवर वेग मोजण्यासाठी लाकडाची एक फळी लांब दोरीला बांधून मागच्या बाजूने पाण्यात सोडत असत. फळी पाण्यात जवळपास स्थिर राही, जहाज पुढे जाई आणि दोरी रिळावरून उलगडत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी (इंग्रजीत ‘नॉट’) मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटत, तितका जहाजाचा वेग. पुढे रूढ झालेल्या प्रमाणानुसार घड्याळ २८ सेकंदांचे आणि दोन गाठींमधील अंतर ४७ फूट ३ इंच असे. आता हिशेब करून पाहावा: २८ सेकंदांत ४७.२५ फूट, तर ३६०० सेकंदांत ६,०७५ फूट, म्हणजे सागरी मैलाच्या अगदी जवळ. खलाशाला गुणाकार करावाच लागत नसे. गाठींचे अंतर आणि वाळूचा काळ यांचे प्रमाण तासाला सागरी मैल या प्रमाणाशी आधीच जुळवलेले होते. या मापाला मराठीत ‘गाठ’ म्हणावे का, असेही शिक्षिकेने विचारले आहे. इतिहास सांगताना जरूर म्हणावे, पण मापाचे नाव म्हणून ‘नॉट’ रुळले आहे आणि तेच ठेवणे इष्ट आहे. मात्र ‘नॉट्स’ हे इंग्रजी अनेकवचन मराठीत नको. आपण ‘दहा लिटर दूध’ आणि ‘पाच किलोमीटर अंतर’ म्हणतो, तसेच ‘३५ नॉट वेग’ म्हणावे.

रूपांतराचा सगळा भार सागरी मैलावर आहे, कारण तास दोन्हीकडे तोच राहतो. सागरी मैल मुळात अक्षांशाच्या एका कलेइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका. नागपूर सुमारे २१ अंश ९ कला उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून विषुववृत्तापासून ते साधारण १,२७० सागरी मैलांवर आहे, हे गणित समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरातील विद्यार्थीही नकाशा पाहून तोंडी करू शकतो. नकाशावरील अक्षांशावरून अंतर थेट वाचता येते, हीच या मापाची सोय, आणि म्हणूनच विमानवाहतुकीनेही ते स्वीकारले. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने ही कला विषुववृत्ताजवळ सुमारे १,८४३ मीटर आणि ध्रुवांजवळ सुमारे १,८६२ मीटर भरते. हा फरक टाळण्यासाठी १९२९ साली मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेत सागरी मैल नेमका १,८५२ मीटर ठरवण्यात आला. ब्रिटिशांचा जुना सागरी मैल ६,०८० फुटांचा, म्हणजे सव्वा मीटरहून थोड्या कमी फरकाने मोठा होता. वेगाच्या व्यवहारात तो फरक नगण्य आहे.

तेव्हा १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, किंवा सेकंदाला सुमारे ०.५१४४ मीटर, किंवा ताशी सुमारे १.१५ साधे मैल. तोंडी हिशेबासाठी दुप्पट करून साडेसात टक्के वजा करावेत: ३५ चे ७०, त्यातून ५.२५ गेले, उरले ६४.७५, नेमके उत्तर ६४.८२ आहे. मीटरसाठी निम्मे करून त्यात तीन टक्के मिळवावेत, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. उलट दिशेने, ताशी किलोमीटरला ०.५४ ने गुणावे. बातमीत ‘ताशी सुमारे ६५ किलोमीटर’ पुरेसे आहे. वाऱ्याचा वेग दशांश चिन्हापुढे तीन स्थळांपर्यंत लिहिणे म्हणजे मूळ मोजमापात नसलेली अचूकता दाखवणे होय.

तिसऱ्या बातमीतील चूक मला सर्वांत गंभीर वाटते. वाऱ्याचा जोर क्रमांकांनी सांगणाऱ्या बोफोर्ट मापश्रेणीत ताशी ३५ किलोमीटरचा वारा पाचव्या क्रमांकाचा आहे आणि त्याने लहान झाडे डोलू लागतात. ३५ नॉटचा वारा आठव्या क्रमांकात येतो, त्याने झाडांच्या डहाळ्या मोडतात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालणे कठीण होते. अशीच हानी ‘सागरी’ हे विशेषण गाळल्यानेही होते. १९७६ च्या कायद्यानुसार भारताची प्रादेशिक जलमर्यादा १२ सागरी मैल, म्हणजे २२.२ किलोमीटर आहे. नुसते ‘१२ मैल’ लिहिले तर वाचक १९.३ किलोमीटर समजतो.

विमानतळाच्या हवामान अहवालात ‘२७०३५केटी’ असा सांकेतिक मजकूर दिसला, तर पहिले तीन अंक वारा कोणत्या दिशेकडून येतो ते अंशांत सांगतात, येथे पश्चिमेकडून, आणि पुढचे दोन अंक नॉट सांगतात. चक्रीवादळांचेही तसेच आहे. भारतीय हवामान विभाग ३४ ते ४७ नॉट वेगाच्या वाऱ्यांच्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतो आणि ४८ नॉटपासून तीव्र चक्रीवादळ. किलोमीटरमध्ये हे आकडे ६२.९७, ८७.०४ आणि ८८.९० असे येतात, म्हणून निरनिराळ्या तक्त्यांत ६२ किंवा ६३, ८७ किंवा ८८ असा फरक दिसतो. सीमारेषा मुळात नॉटमध्ये आखलेली असल्याने अशा बातमीत ‘३४ नॉट (ताशी सुमारे ६३ किलोमीटर)’ असे दोन्ही आकडे द्यावेत, आणि नॉटचा आधी द्यावा.