पिस्तूल तीनशेचं की सहाशेचं?

डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३९, पगार वर्षाला १ लाख ४० हजार डॉलर, पत्नी सध्या घरी, मुलगी सात वर्षांची, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात पडलं. धाकटा भाऊ एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, त्यांच्याकडेच राहतो. जूनमध्ये अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीची काच फोडून कुणीतरी लॅपटॉप नेला, तेव्हापासून पिस्तूल जवळ बाळगायचं त्यांच्या मनात आहे. ते लिहितात: 'शर्टाखाली लपेल असं टॉरस जी-थ्री-सी तीनशेला मिळतंय, ग्लॉक १९ सहाशेच्या आसपास जातं. स्वस्तातलं घेऊन तीनशे वाचवू का? मित्र म्हणतो, ग्लॉक म्हणजे सोनं, किंमत पडत नाही. बचत खात्यात ३ हजार आहेत. बाकी गुंतवणूक म्हणाल तर आययूएल पॉलिसीत (शेअर निर्देशांकाला बांधलेला आयुर्विमा) महिना ९०० जातात, त्यासाठी ४०१-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, तात्पुरतं बंद केलंय. क्रेडिट कार्डावर ११ हजार आहेत, पण हप्ता नियमित जातो. हिला पिस्तुलाचं अजून बोललो नाही.'

विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लवकर संपतं. माझ्याकडे पैशांचा सल्ला घेणारे बरेच जण टेक्सासात आहेत, त्यामुळे या दुकानांची बिलं मी पुष्कळ पाहिली आहेत. पिस्तुलाची किंमत हा त्या बिलाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. टॉरस ३००, त्यावर सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स, झाले ३२५. बरं होल्स्टर, म्हणजे कंबरेला पिस्तूल अडकवायचं म्यान, ६०. जाड पट्टा ५०, कारण भरलेलं पिस्तूल पाऊण किलोच्या वर जातं, साध्या पट्ट्यावर पँट खाली ओढली जाते आणि माणूस दिवसभर कंबर सावरत फिरतो. लपवलेलं पिस्तूल मग सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. पलंगाजवळची छोटी सेफ १५०. पिस्तूल चालवायची शिकवणी १२०. सरावाच्या पाचशे गोळ्या १४०, जवळ ठेवायच्या वेगळ्या गोळ्यांचे दोन डबे ५०. बेरीज ९००. ग्लॉक नवं घेतलंत तर १,२००.

यातली सेफ आणि शिकवणी गाळून हिशेब जमवू नका. भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवलं आणि ते पोराच्या हाताला लागलं, तर टेक्सासात तो गुन्हा आहे. आणि सेफचा कोड भावाला देऊ नका. एच-वन-बीवरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याच्या कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. तुमच्या हौसेपायी त्याचं इथलं राहणं धोक्यात यायला नको.

दोन्हींतलं कुठलं? आधी नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही भाड्यानं घेऊन शंभरेक गोळ्या झाडा. ज्याने नेम लागतो ते घ्या. मला विचाराल तर पोलिसांनी बदलून टाकलेली जुनी ग्लॉक १९ पाहा, चारशेच्या आसपास मिळतात, आणि त्यांना होल्स्टर कुठल्याही दुकानात सापडतं. खिशात मावणारी अगदी चिमुकली पिस्तुलं नवशिक्यानं घेऊ नयेत, ती खिशात मावतात पण हातात मावत नाहीत, आणि झटका मोठ्यापेक्षा जास्त देतात. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी ४० डॉलर भरून परवाना काढा, शेजारच्या काही राज्यांत तो चालतो. न्यू जर्सीत मात्र बाहेरचा कुठलाच परवाना चालत नाही, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांकडे जाताना ते घरीच ठेवा.

'ग्लॉक म्हणजे सोनं' हे मित्राला विकून दाखवायला सांगा. सहाशेची वस्तू दुकानदार बऱ्याच कमी किमतीला घेतो. असं सोनं आपल्याकडे कुणी लॉकरमध्ये ठेवत नाही.

झालं. हे नऊशे तुम्हाला झेपतात. एकदाच जाणार आहेत. मला धडकी भरली ती दर महिन्याला जाणाऱ्या नऊशेंनी.

ही पॉलिसी कुणी दिली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावतो: ओळखीचा मराठी माणूस, मंडळाच्या गणपतीत भेट, मग घरी चहाला येऊन लॅपटॉप उघडला. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात लिहिलंय की साठीपासून पंच्याऐंशीपर्यंत दरवर्षी ६० हजार मिळतील, करमुक्त, साडेसहा टक्के धरून. जरा पेन घ्या. महिना ९०० म्हणजे वर्षाला १०,८००. एकवीस वर्षं, साडेसहा टक्के, आणि कंपनीनं खर्चाचा एक डॉलरही कापला नाही असं समजा. होतात साधारण साडेचार लाख. त्यातून वर्षाला ६० हजार काढायला लागलात, उरलेल्यावर तेच साडेसहा टक्के मिळत राहिले, तरी जेमतेम अकरा वर्षांत खडखडाट. पंचवीस वर्षं कुठून आणणार? ती येतात पॉलिसीवर कर्ज काढण्याच्या करामतीतून, आणि ते कर्ज अंगावर असताना पॉलिसी बंद पडली तर फायद्यावर आयकर भरावा लागतो. 'करमुक्त' शब्दाखालच्या बारीक अक्षरांत हेच असतं.

शिवाय खर्च कापला जातोच. विम्याचा खर्च वयाबरोबर चढतो. बाजार पडला तर 'शून्याखाली जात नाही' म्हणतात, पण त्या शून्याच्या वर्षीही खर्च वजा होतोच. बाजार वीस टक्के चढला तर तुम्हाला मिळतात कमाल मर्यादेपुरते, आणि ती मर्यादा कंपनी पुढे खाली आणू शकते. निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तर हिशेबातच नाही. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांतला मोठा वाटा त्या चहाला आलेल्या विक्रेत्याच्या खिशात गेला, म्हणून तर चौदा महिन्यांत १२,६०० भरूनही आज सरेंडर केलंत तर हातात बहुधा काही येणार नाही.

आणि यासाठी तुम्ही काय सोडलंत? तुमची कंपनी पगाराच्या पहिल्या सहा टक्क्यांवर अर्धे घालते. तुमचे ८,४००, त्यांचे ४,२००. हे फुकटचे ४,२०० तुम्ही दरवर्षी नको म्हणताय, वर आयकरात वाचणारे साधारण १,८०० सोडताय. तीनशे डॉलरसाठी तुम्ही मला पत्र लिहिलंत, हो!

कार्डाचं 'नियमित हप्ता जातो' हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय. ११ हजारांवर २४ टक्के म्हणजे महिना २२० व्याज. तुम्ही भरता ३३०. मुद्दल हलतंय ११०नं.

तुम्ही उद्या नसलात तर पत्नी आणि मुलीला ही पॉलिसी ४ लाख देईल, म्हणजे तुमचा तीन वर्षांचाही पगार नाही. निरोगी असाल तर १० लाखांचा वीस वर्षांचा साधा टर्म विमा महिना ८० डॉलरच्या आसपास मिळायला हवा. भाडेकरूचा विमा महिना २०. तो असता तर जूनमधल्या लॅपटॉपची भरपाई, डिडक्टिबल, म्हणजे आपण सोसायचा पहिला वाटा, वजा जाता मिळाली असती. पिस्तूल तुमच्या कंबरेला असतं तरी तो गेलाच असता, तुम्ही तेव्हा वर जेवत होतात.

नऊशे असे लावा: टर्म आणि भाडेकरूचा विमा मिळून १००. ४०१-के पुन्हा सहा टक्क्यांवर, हातातल्या पगारातून महिना ५५० कमी होतील. उरलेले २५० कार्डावर, आधीच्या ३३० सोबत. दोन वर्षांत कार्ड कोरं. लॅपटॉपसाठीही तेच कार्ड घासलं असेल, तर निदान पिस्तुलासाठी घासू नका, आणि दुकानातला 'सहा महिने बिनव्याजी' कागदही परत करा. पिस्तुलाच्या नऊशेंसाठी दोन-तीन महिने थांबा. बचतीतले ३ हजार आत्ता फोडण्यासारखे नाहीत.

क्रम चुकवू नका. टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसीचा कागद हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवा. मग फोन करा कंपनीला, विक्रेत्याला नाही, आणि आजची सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा. तो घरी येईल, 'अजून तीन वर्षं थांबा, मग मजा बघा' म्हणेल. तीन वर्षं म्हणजे आणखी ३२ हजार. १२,६०० गेले ते गेले, त्यांच्यामागे आणखी पाठवू नका.

आणि हे सगळं वहिनींना शेजारी बसवून करा. पिस्तुलाचं त्यांच्याशी बोलला नाहीत, म्हणजे ११ हजारांचंही बोलला नसाल असा माझा अंदाज आहे. सेफ कोणत्या खोलीत, किती उंचीवर ठेवायची, हे त्यांच्याशिवाय ठरणारच नाही.