गोळ्यांनी राग आवरतो का?

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा हल्ली जरा बोलले की ताट सरकवून उठतो. ओमेगा-३च्या गोळ्यांनी तो निवळेल का? – एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, आशेला थोडा आधार आहे. इंग्लंडमधील एल्सबरीच्या तुरुंगात २३१ तरुण कैद्यांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जीवनसत्त्वे, खनिजे व मेदाम्ले (ओमेगा-३ हे त्यांतलेच) घेणाऱ्यांचे शिस्तभंग, औषध नसलेल्या हुबेहूब गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी भरले. मात्र ते निकृष्ट जेवणारे कैदी होते. घरच्या वरणभातावर वाढलेल्या मुलाला तोच हिशेब लावणे मला धाडसाचे वाटते. जवसात ओमेगा-३ असते, त्याची चटणी ताटात खुशाल असू द्या. पण आधी तो व्यायामशाळेतली कॅफिनयुक्त पावडर घेतो का, रात्री किती झोपतो, हे पाहा आणि रक्ततपासणीसाठी डॉक्टरांना भेटा.