वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातली पहाट, उजनीचे पाणी आणि गळ

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांबरोबर उजनी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला जातो. साडेचारलाच काठावर बसायचे, असा मामांचा आग्रह असतो. त्या वेळी मासे पाण्यावर तोंडे काढून ‘आ’ वासताना दिसतात, पण आमिषाला शिवत नाहीत. सात ते साडेआठच्या दरम्यान मासे चांगले लागतात आणि नऊनंतर पुन्हा सामसूम होते. ऊन चढले की मासे झोपतात, असे मामा म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : आपल्या मामांची चिकाटी मोठी आहे, परंतु साडेचारचा मुहूर्त त्यांनी खुशाल सोडून द्यावा. पहाटे पाण्यावर तोंड काढणारा मासा भुकेलेला नसतो; त्याचा श्वास कोंडत असतो. पुणे परिसराचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेच्या वाटेने उजनीत उतरते, त्यावर शेवाळ पोसते आणि उन्हाळ्यात उथळ फाट्यांतले पाणी हिरवेगार होते. हे शेवाळ दिवसा उन्हाच्या बळावर पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ, सगळे मासे आणि तळाशी कुजणारा गाळ असे सगळे मिळून तो साठा वापरत राहतात, आणि सूर्य उगवण्याच्या अगदी आधी तो सर्वांत कमी झालेला असतो. त्यात पाणी जितके गरम, तितका प्राणवायू त्यात कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट गरम पाण्यात माशाची स्वतःची गरज वाढते. अशा वेळी कणकेची गोळी त्याच्या ओठांशी नेली तरी तो ती का घेईल?

मरळ मात्र याला अपवाद आहे. तिला हवेतून श्वास घेता येतो आणि घ्यावाही लागतो, म्हणून ती कोणत्याही प्रहरी वर येते, एक घोट घेऊन लगेच खाली जाते. एकच मासा क्षणभर दिसून नाहीसा झाला तर ती मरळ असू शकेल. पण अनेक मासे बराच वेळ वरच रेंगाळताना दिसले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे असे समजावे.

सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. त्यानंतर तासाभरात शेवाळ पुन्हा कामाला लागते, पाणी अजून निवलेले असते, उजेड तिरपा असतो आणि रात्रभर उपाशी असलेले मासे काठाजवळ चरू लागतात. आपली सात ते साडेआठची वेळ म्हणजे हीच. नऊनंतर ते झोपत नाहीत. माशाला पापण्या नसतात. डोक्यावरचे ऊन आणि तापणारा वरचा थर टाळण्यासाठी तो आत सरकतो. मात्र म्हणून गळ थेट तळाला सोडू नये, कारण वारा पडलेला असेल तर खोल डोहाच्या तळाशीही प्राणवायू फारसा नसतो. मोरपिसाच्या देठाचा तरंगता बांधून आमिष मधल्या पाण्यात धरावे. रोहू तिथेच फिरतो. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो त्याच्याही वर चरतो.

जागेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. मे महिन्यात पाणी मागे हटते (पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ याच दिवसांत वर येते) आणि उघड्या पडलेल्या गाळात ताटाएवढे गोल, उथळ खळगे एकमेकांना खेटून दिसतात. ती चिलापीची (तिलापिया माशाची) घरटी. नर तळ उकरून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेऊन निघून जाते. कोरडे खळगे जिथे संपतात तिथून पुढे, गुडघाभर पाण्यात, आजची घरटी असण्याचा संभव बराच असतो. १९५२ मध्ये परदेशातून भारतात आणलेला हा मासा आज भिगवणच्या बाजारात घरचाच होऊन बसला आहे. परंतु त्या ओल्या पट्ट्यात पाय जपून टाकावा : वर भेगाळलेली ढेकळे आणि खाली मांडीपर्यंत रुतवणारा गाळ, अशी ती फसवी जमीन असते.

मामा बोलू देत नसतील, तर त्यांना सांगा की हळू बोललेले चालते, कारण हवेतला आवाज बहुतांशी पाण्यावरूनच परततो. पाय आपटलेला मात्र चालत नाही. रोहू-कटल्याच्या कुळात पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे काठावरचा धक्का त्यांना चांगला कळतो. सकाळी पूर्वेच्या काठावर बसू नये. आपली लांब सावली नेमकी गळाच्या दिशेने पडते.

प्रश्न : गेल्या आठवड्यात गळाला लागलेल्या दोन किलोच्या रोहूच्या पोटात भरपूर अंडी निघाली. अशी मादी धरणे चूक आहे का?
— एक वाचक, करमाळा

उत्तर : चूक म्हणणार नाही, पण मी असतो तर सोडली असती. एवढ्या मादीच्या पोटात अंडी लाखांनी असतात, आणि ती साठलेल्या पाण्यात घातली जात नाहीत. पावसाळ्यात नदीला पूर येऊन वाहते पाणी मिळाले तरच रोहू अंडी घालतो. याच कारणाने तळ्यांसाठी बीज, म्हणजे माशांची बारीक पिल्ले, पूर्वी नदीतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी मेंदूखालच्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांचे प्रजनन घडवले आणि तेव्हापासून बीज केंद्रांत तयार होऊ लागले. जलाशयात असे बीज सोडतात खरे, तरी भीमेला पूर आल्यावर वर चढणारी मादी फुकट मिळालेले बीजकेंद्रच असते. मे महिन्यात पोट फुगलेली, हाताला मऊ लागणारी रोहू आली, तर हात ओले करूनच धरावी, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. तापलेल्या ढेकळांवर न टेकवता पाण्यातच गळ काढावा आणि ती स्वतः शेपूट हलवेपर्यंत आधार द्यावा. शिवाय मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा काठी घेऊन जाण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावे.