दुपारी पोकलेन का मंदावतं?

प्रश्न : बिलौआकडच्या दगडखाणीत आमचं वीस टनी पोकलेन ब्रेकर (दगड फोडणारा हायड्रॉलिक हातोडा) लावून चालतं. सकाळी काम झकास होतं, पण मे महिन्यात दुपारी बारानंतर बूम (उचलणारा मोठा हात) रेंगाळत उठतो, स्विंगला (वरचा भाग गोल फिरवायला) जोर राहत नाही. संध्याकाळी पुन्हा ठीक. मेकॅनिक म्हणतो, हायड्रॉलिक पंप गेला. बदलावा का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : लगेच नको. थंड असताना जोर आणि तापल्यावर मरगळ, म्हणजे हायड्रॉलिक तेल पातळ होतंय. पातळ तेल पंप, मोटर आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक फटींतून आतल्या आत निसटतं आणि त्या गळतीने आणखी तापतं. झिजलेला पंपही हेच लक्षण दाखवतो. म्हणून आधी उष्णतेचा बंदोबस्त करा, पंपाची चाचणी नंतर.

सुरुवात ऑइल कूलरपासून, म्हणजे तेल थंड करणाऱ्या जाळीपासून. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. दगडाची भुकटी तेलाच्या ओलाव्यात कालवून फिन्समध्ये (कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये) घट्ट बसते. वरून जाळी स्वच्छ दिसते, पण रेडिएटर आणि कूलर एकामागे एक असतील तर खरा थर दोघांच्या मधल्या फटीत सापडतो. तिथे टॉर्च मारूनच पाहा. हवेचा झोत पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने आणि लांबून मारा. नोझल जवळ नेलं की फिन्स आडव्या पडतात आणि हवेची वाट बुजते. तेलकट थर असेल तर साबणपाण्यात भिजवून कमी दाबाने धुवा. ही धूळ सिलिकाची असते, फुप्फुसात गेली की परत निघत नाही. त्यामुळे हेल्परलाही चांगला मास्क आणि चष्मा द्याच. मग पंख्याच्या बेल्टचा ताण आणि टाकीतली तेलाची पातळी तपासा.

दुपारच्या कामानंतर बकेट टेकवून, सेफ्टी लीव्हर लॉक करून इन्फ्रारेड थर्मामीटरने लगेच टाकीचं तापमान घ्या. ८२ अंश सेल्सिअसच्या वर सील कडक पडू लागतात. तेल तर दर १० अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट वेगाने बिघडतं. कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाइपांच्या तापमानात जेमतेम फरक असेल, तर कूलर काम करत नाही. कूलर ठीक असून एखादा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) शेजारच्या भागांपेक्षा बराच गरम लागला, तर दोष त्याच्यात शोधा.

तेल ४६ ग्रेडचं (ग्रेड म्हणजे दाटपणाचा आकडा) असेल आणि मॅन्युअल उन्हाळ्यासाठी ६८ ला मुभा देत असेल, तर ६८ भरा. ब्रेकरही तेल जबर तापवतो. एका जागी १५-२० सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदला. सतत ब्रेकर चालत असेल तर काही कंपन्या फिल्टर १०० तासांना आणि तेल ६०० तासांना बदलायला सांगतात. तुमच्या मॅन्युअलचा आकडा पाळा. एवढं करूनही दुपारी तीच गत राहिली, तर फ्लोमीटर (प्रवाह मोजणारं यंत्र) लावून पंपाचा प्रवाह आणि केस ड्रेनची (पंपातून आतल्या आत निसटलेलं तेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपची) गळती मोजून घ्या. त्या मोजणीशिवाय पंपावर एक रुपयाही घालू नका.

प्रश्न : पोकलेनच्या होजमधून (हायड्रॉलिक तेलाच्या रबरी नळीतून) तेलाचा बारीक फवारा उडतो, पण भोक दिसत नाही. कामावरची मुलं हाताने चाचपून शोधतात. योग्य पद्धत कोणती?
— एक वाचक, मुरार

उत्तर : हात लावणं आजच बंद करा, हातमोजा घालूनही नाही. मुख्य लाइनमध्ये साधारण ३५० बार दाब असतो. सुईएवढ्या भोकातून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. लांब पुठ्ठा किंवा फळी फिरवा, तेलाचा डाग उमटतो तिथे भोक.

होज खोलण्याआधी बकेट आणि आर्म जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. चावी ऑन ठेवून, सेफ्टी लीव्हर उघडून सगळे लीव्हर पूर्ण मागेपुढे, डावी-उजवीकडे काही वेळा फिरवा. मग लॉक करून चावी काढा आणि खिशात ठेवा. टाकीच्या ब्रीदरचं (हवा ये-जा करण्याच्या तोंडाचं) बटण दाबून हवा सोडा. तरीही नट हळूच सैल करा, तोंड बाजूला ठेवून. अर्धवट उचललेल्या बूमखाली कुणीही शिरू नये: होज सुटली की बूम तत्क्षणी खाली येतो.

कुणाच्या बोटात तेल घुसलंच, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसेल आणि सुरुवातीला फारशी दुखणारही नाही. त्यावर जाऊ नका. तेल आत पसरून स्नायू मारतं, काही तासांच्या उशिराने बोट गमवावं लागू शकतं. हळद-पट्टी करत न बसता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या जयारोग्यसारख्या मोठ्या इस्पितळात थेट न्या. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. ‘दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि तेलाच्या डब्यावरच्या लेबलाचा फोटो दाखवा.

प्रश्न : लू (उन्हाळ्यातला गरम, धुळीचा वारा) चालू असताना साइटवरच हायड्रॉलिक तेल टॉप-अप केलं तर चालतं का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : शक्यतो पहाटे, वारा पडलेला असताना करा. ब्रीदरमधून टाकीतली हवा आधी सोडा. झाकणाभोवतीची धूळ पुसून मगच झाकण उघडा आणि उघड्या बादलीऐवजी फिल्टर लावलेल्या हातपंपाने तेल भरा. ब्रीदरचा फिल्टर धुळीत लवकर चोंदतो, तोही त्याच वेळी तपासा.