मराठी ब्लॉगच्या प्रसिद्धीची मोफत साधने: आधी सर्च कन्सोल, बाकीचे नंतर

मराठी ब्लॉग आणि त्याला जोडून पॉडकास्ट नुकताच सुरू केला आहे, पदरचा रुपयाही न घालता त्याची प्रसिद्धी करायची आहे, तर कोणती मोफत ऑनलाइन साधने वापरावीत, असे तुम्ही विचारले आहे. अशा प्रश्नाला उत्तर म्हणून लोक साधनांच्या लांबलचक याद्या देतात. त्यांतील बहुतेक साधने तुमचा दुवा, म्हणजे लिंक, जागोजागी फेकून येण्याची असतात आणि ती वापरूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी इचलकरंजीत शिवणकामाचे वर्ग चालवते आणि त्याच विषयावर ब्लॉग लिहिते. सुरुवातीला त्याच्या प्रसिद्धीचे काम माझ्या दिरांनी आपणहून अंगावर घेतले. ते पुण्यात एका कंपनीच्या जाहिरात विभागात आहेत, आणि कोणतीही गोष्ट सतत लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली की खपते, यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे. त्यांनी माझा ब्लॉग मिळतील तेवढ्या निर्देशिकांमध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या नुसत्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळांवर, नोंदवला आणि एका स्वयंचलित साधनाला फेसबुकवरील शिवणकामाच्या गटांची यादी देऊन, माझे जुनेच लेख सकाळ-संध्याकाळ आलटून पालटून तेथे पडत राहतील अशी व्यवस्था केली. त्यांतील एका गटात मी बायकांच्या शंकांना उत्तरे देत असे. एके दिवशी एका बाईने लग्नातल्या पैठणीचा ब्लाउज बिघडल्याचे लिहून मदत मागितली. मी ते वाचण्याआधीच माझ्या नावाने, तिच्याकडे ढुंकूनही न पाहता, पिको-फॉलचा जुना लेख तिसऱ्यांदा येऊन पडला. गटाच्या संचालिकेने मला त्याच दिवशी काढून टाकले, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. दिरांचे म्हणणे असे की प्रसिद्धीत एवढे चालायचेच. फेसबुकने गटांमध्ये बाहेरच्या साधनांनी लिहिण्याची सोय २०२४ मध्ये बंदच केली, हे मी त्यांना आवर्जून कळवले आहे. निर्देशिकांबद्दल म्हणाल, तर शोधातला क्रम वर आणण्याच्या हेतूने हलक्या दर्जाच्या निर्देशिकांमध्ये पेरलेल्या दुव्यांची गणना गूगल आपल्या नियमांत उघडपणे स्पॅममध्ये करते.

दिरांनी ज्याकडे पाहिलेही नव्हते ते साधन म्हणजे गूगलचे सर्च कन्सोल. ते पूर्णपणे मोफत आहे. लोकांनी शोधात नेमके काय लिहिले तेव्हा तुमचे पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले आणि त्याचा सरासरी क्रमांक काय होता, हे त्यात पानागणिक पाहता येते. मी कटोरी ब्लाउजच्या कटिंगवरचा माझा सर्वांत मेहनतीचा लेख निवडून त्याखालचे शोध पाहिले, तर त्यात कटोरीचा उल्लेख थोडाच होता. बहुतेक बायका ‘मुंढ्याजवळ चुणी का पडते’ याच्या शोधात तेथे येत होत्या, आणि त्याचे उत्तर त्या लेखात अगदी खाली, चार ओळींत दडलेले होते. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलवा, मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल घेतला नाही की बाहीच्या जोडावर कापड गोळा होते, एवढीच ती गोष्ट. मी तेवढ्याच प्रश्नावर छायाचित्रांसह स्वतंत्र लेख लिहिला, कटोरीच्या लेखातून त्याला दुवा दिला, आणि आज माझ्या ब्लॉगवर येणाऱ्या बायकांपैकी सर्वाधिक त्या एका लेखावर येतात. हा आकडा मी दिवाळीच्या फराळाला सर्वांसमोर दिरांना दाखवला. त्यांनी चकलीची चौकशी केली. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची माहिती राहते, त्यामुळे एका लग्नसराईची आधीच्या लग्नसराईशी तुलना करून कोणता लेख केव्हा तयार ठेवायचा हेही ठरवता येते.

दुसरी गोष्ट साधनाची कमी आणि काळजीची जास्त आहे. मराठी वाचक तुमचा लेख एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि तेथे लेखाच्या देवनागरी वेब-पत्त्याची फार दुर्दशा होते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाची, म्हणजे काना-मात्रा-वेलांटीचीही, पत्त्यात नऊ रोमन चिन्हे होतात, त्यामुळे दुवा टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेल्या भेंडोळ्यासारखा दिसतो आणि सावध बायका तो फसवणुकीचा समजून उघडत नाहीत. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या शीर्षकावरून बनणाऱ्या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा असल्याने मराठी शीर्षक विसेक चिन्हांनंतर तुटते, तर गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर मराठी शीर्षकाच्या जागी नुसते ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा येतो. म्हणून लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच पत्ता हाताने रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा लिहावा. दुव्यासोबत दिसणारे चित्र कॅनव्हा या चित्ररचनेच्या संकेतस्थळावर मोफत करता येते. अक्षरांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता किंवा बलू हा फॉन्ट घ्यावा, आणि मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी. हे सर्व गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहेत. फेसबुकवर जुनेच चित्र दिसत राहिले, तर त्यांच्या शेअरिंग डिबगरमध्ये पत्ता घालून ते ताजे करता येते. नियमित वाचकांसाठी व्हॉट्सॲप गटाऐवजी चॅनल काढावे, कारण चॅनलमध्ये अनुयायांना एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक दिसत नाहीत. माझ्या वाचकांमध्ये बायकाच अधिक असल्याने मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते.

पॉडकास्टविषयी थोडक्यात सांगते. तुमच्या होस्टकडून, म्हणजे पॉडकास्टच्या फाइली साठवणाऱ्या सेवेकडून, मिळणारा आरएसएस पत्ता (ज्यावरून नवे भाग आपोआप पोहोचतात) ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय आणि यूट्यूब येथे एकदाच नोंदवावा लागतो, आणि तिन्ही ठिकाणी ही नोंदणी मोफत आहे. ॲपलला मुखपृष्ठाचे चित्र चौरस आणि १४०० ते ३००० पिक्सेलचे लागते. ज्या यादीत अजून गूगल पॉडकास्ट्सचे नाव असेल ती यादी तेथेच मिटावी, कारण ती सेवा २०२४ मध्ये बंद झाली. प्रत्येक भागाचा मराठी गोषवारा ब्लॉगवर लिहावा, म्हणजे तो मजकूर गूगलला वाचता येईल आणि सर्च कन्सोलचा उपयोग पॉडकास्टलाही होईल.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे नमूद करायला हव्यात. माझा विषय लोक अडल्यावर शोधतात असा आहे. तुम्ही कथा, कविता किंवा ललित लिहीत असाल, तर तसे कोणी शोधात लिहीत नाही, आणि सर्च कन्सोल तुम्हाला फारसे काही सांगणार नाही. तेथे व्हॉट्सॲप आणि ईमेल हेच उपयोगाचे. नवीन ब्लॉगलाही पहिले काही महिने त्यात रिकामेच कोष्टक दिसते. शिवाय मोफत साधन त्याच्या मालकाच्या मर्जीवर चालते. गूगलच्या फीडबर्नर या सेवेने ईमेलने लेख पाठवण्याची सोय २०२१ मध्ये काढून घेतली आणि समाजमाध्यमांवर ठरल्या वेळी लेख टाकून देणाऱ्या हूटसूटने आपली मोफत योजना २०२३ मध्ये बंद केली. दिरांनी माझा ब्लॉग जेथे नोंदवला होता त्या निर्देशिकांपैकी बऱ्याच आता उघडतसुद्धा नाहीत. म्हणून वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने पहिल्या दिवसापासून गोळा करा, ती यादी अधूनमधून उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा, आणि कोणा नातेवाइकाच्या हाती देऊ नका, मग तो जाहिरात विभागात असला तरी.