पहिल्या वर्षाचे मार्क आणि सीआरएनए

सिस्टर, तुझा प्रश्न वाचला. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री राहिले, दुसऱ्या खेपेला काठावर निघाले. शेवटच्या दोन वर्षांत फर्स्ट क्लास. सध्या पुण्यात आयसीयूत आहेस, नवऱ्याला कंपनी न्यू जर्सीला पाठवतेय, आणि तुला तिकडे भूल देणारी नर्स, म्हणजे सीआरएनए व्हायचंय. त्या मार्कांमुळे दार बंद झालं का, आणि पुण्यात अजून दोन वर्षं आयसीयू करून मग निघावं का, असं विचारतेस. वयाने मी बरीच मोठी, म्हणून अगं-तुगं करतेय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथेच वर्षं वाया जातात. अनुभवासाठी म्हणून पुण्यात थांबू नकोस. प्रवेशासाठी किमान एक वर्ष पूर्णवेळ क्रिटिकल केअर लागतं, आणि ते अमेरिकेतल्या किंवा अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातलंच धरतात. पुण्यातली वर्षं तुला तिथली आयसीयूची नोकरी मिळवून देतील, हात तयार ठेवतील, पण त्या रकान्यात मोजली जाणार नाहीत. त्यामुळे तुझ्या मार्कशीटपेक्षा नवऱ्याचा व्हिसा कोणता, हा प्रश्न मोठा आहे. एल-१, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा असेल तर सुटलीस. एल-२ वरच्या (एल-१ वाल्याच्या) जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळं वर्क परमिट न काढता नोकरी करता येते. एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा असेल तर तू एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर येशील, आणि साधारणपणे त्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० (त्यासाठी कंपनीने भरायचा अर्ज) मंजूर होईपर्यंत तुला कामाची परवानगी मिळणार नाही. त्यात दोन-तीन वर्षं सहज जातात. एखादी एजन्सी 'ग्रीन कार्डावरच पाठवतो' म्हणाली, तर भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ ची (नर्सना बहुधा ज्या गटातून ग्रीन कार्ड मिळतं त्याची) रांग दहा वर्षांच्या पुढे आहे, हे लक्षात ठेवून पुढचं बोल.

आता मार्क. बहुतेक ठिकाणी किमान ३.० जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड, ए म्हणजे ४) मागतात. आकड्याला घाबरू नकोस, तुझ्या मार्कशीटवरचे ५५ टक्के तिकडे ५५ म्हणून जात नाहीत. मूल्यमापन करणारी संस्था विषयवार ग्रेड देते, आणि आपल्याकडच्या पन्नाशी-साठीतल्या मार्कांना अनेकदा बी, कधी ए सुद्धा मिळतो. अडचण वेगळीच आहे. तुझे राहिलेले विषय नेमके सायन्सचे, आणि सायन्सचा जीपीए बरीच कॉलेजं वेगळा काढतात. विषय पुन्हा दिला म्हणून जुना शेरा पुसला जातो असंही नाही, पुष्कळ ठिकाणी दोन्ही धरून सरासरी काढतात.

गणित करून बघ. समजा एकूण १२० क्रेडिटवर तुझा जीपीए २.८ आला, आणि तू १२ क्रेडिटचे सायन्सचे विषय घेऊन सगळ्यात ए मिळवलास. एकूण जीपीए होतो २.९१. म्हणजे जिथल्या तिथेच! पण सायन्सची जुनी २० क्रेडिटं २.५ वर असतील, तर तीच १२ क्रेडिटं सायन्सचा जीपीए ३.०६ वर नेतात. म्हणून सगळं वर्ष पुन्हा करण्याच्या भानगडीत पडू नकोस. केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी कम्युनिटी कॉलेजात घे. पुढे एखादा पदव्युत्तर विषय, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिऑलॉजी किंवा फार्माकॉलॉजी, घेतलास तर उत्तम. काही ठिकाणी शेवटच्या ६० क्रेडिटचाच जीपीए बघतात, तिथे तुझी तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मार्कशीट आपोआप बोलेल. अशी ठिकाणं आधी हेरून ठेव. एच-४ वर नोकरी नसली तरी शिकता येतं, म्हणजे तो रिकामा वाटणारा काळ यातच घाल.

नोकरी लागली की सीसीआरएन, म्हणजे अतिदक्षता नर्सच्या प्रमाणपत्राची परीक्षा दे. त्यासाठी दोन वर्षांत अतिदक्षता रुग्णांचे १,७५० तास लागतात, त्यातले ८७५ अर्जाआधीच्या वर्षातले. माझ्या मते जुन्या मार्कांना याहून चांगलं उत्तर नाही. आयसीयूही विचारून निवड. मेडिकल, सर्जिकल, कार्डिओव्हॅस्क्युलर सगळीकडे चालतात, कॅज्युअल्टी किंवा ओटीचा अनुभव पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत.

मुलाखतीत तू काय-काय केलंस यापेक्षा का केलंस हे खोदून विचारतात. सेप्टिक शॉकचा पेशंट, नॉरएपिनेफ्रिन (रक्तदाब वाढवणारं औषध) वाढवत नेलंय, तरी एमएपी, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६५ च्या खालीच. पुढे काय? व्हॅसोप्रेसिन, म्हणजे त्याच कामाचं दुसरं औषध, म्हणालीस की विचारतील, ते कुठल्या रिसेप्टरवर काम करतं, आणि हेच का, डोस आणखी का नाही वाढवला? आपल्याकडे 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर खपून जातं, तिथे त्या उत्तरावर मुलाखत संपते. ही सवय पुण्यातच लाव. प्रत्येक इन्फ्युजनपाशी उभी राहून स्वतःला 'का' विचार, त्याला व्हिसा लागत नाही. पहिल्या वर्षाबद्दलही विचारतीलच. काय झालं आणि नंतर काय बदललं, दोन वाक्यांत सांगून मोकळी हो. कॉलेज वाईट होतं, सर शिकवत नव्हते, हे काढू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं, असंच ते ऐकू येतं.

पैशांचं घरात आधीच बोलून घ्या. २०२२ पासून नवा प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच मिळतो. किमान ३६ महिने, २,००० तास क्लिनिकल आणि ६०० केसेस. त्यात नोकरी जवळपास अशक्य. फी अनेक ठिकाणी लाख डॉलरच्या वर जाते, आणि एच-४ वर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही. शिकून झाल्यावरचा पगार दोन लाख डॉलरच्या आसपास असतो, म्हणून लोक हे ओझं उचलतात. पण पुढे भारतात परतायचा विचार असेल तर नीट विचार कर. आपल्याकडे भूल देणं डॉक्टरांचं काम आहे, तिथे ही पदवी त्या कामाला चालणार नाही.

निघण्याआधी दोन कामं उरक. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी. अमेरिकेतून ही कामं करायची म्हणजे सासू-सासऱ्यांना खेपा घालायला लावणं. एनक्लेक्सचा (अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठीच्या परीक्षेचा) अर्ज करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिही. मार्कशीटवर आडनाव आधी आणि तेही माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, असं असेल तर गॅझेट किंवा लग्नाचा दाखला, जे लागेल ते आत्ताच काढून ठेव. पासपोर्ट आणि अर्जातलं नाव जुळलं नाही, तर परीक्षेला बसूच देत नाहीत.