नैराश्यावरच्या महिनाभराच्या गोळ्यांनंतर आईचा पीएचक्यू-9 (नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली) स्कोअर 16 वरून 11 वर आला. मग डॉक्टरांनी डोस का वाढवला?

उतार पडलाय, हे खरंच. एक-दोन पॉइंट इकडेतिकडे होतच असतात, पाचची घट मात्र खरा फरक धरतात. पण औषध चांगलं लागू पडलं म्हणायला स्कोअर निम्म्यावर यावा लागतो, म्हणजे आईंचा 8 वर; आणि आजार आटोक्यात आला म्हणायला पाचच्या खाली. शिवाय सोसतंय का बघायला पहिला डोस बरेचदा कमीच देतात. डोस वाढला म्हणजे दुखणं बळावलं, असं समजू नका. कारण मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

मी कोल्हापुरात समुपदेशक आहे, हा पीएचक्यू-9चा कागद रोज भरून घेते. नऊ प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3, गेल्या दोन आठवड्यांपुरते. नुसत्या बेरजेवर मी कधीच जात नाही. कागल, करवीरकडचे शेतकरी येतात. रात्रीची लाईट असली की उसाला पाणी पाजायला रात्रभर रानात. झोपेला 3, थकव्याला 3, सहा पॉइंट तिथंच झाले, आणि मनाने माणूस ठणठणीत. उलट एखाद्या मावशी, सून शेजारी बसलेली म्हणून, "काय न्हाई ओ, नुसतं अंग दुखतंय" म्हणत सगळीकडे शून्य सांगतात. सुनेला बाहेर बसवून तेच प्रश्न सावकाश वाचून दाखवले की उत्तरं पार बदलतात. आईंनी कागद कुणासमोर भरला, हे आधी आठवून बघा.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. पाच पॉइंट कुठे कमी झाले? झोप, भूक सुधारली पण पहिले दोन प्रश्न, कशात मन लागत नाही आणि उदास वाटतं, जागच्या जागी असतील तर ते डॉक्टरांना सांगा. थकवाच तेवढा उरला असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का, तेही विचारा.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे 1 जरी असला तरी एकूण आकडा उतरला म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा आणि आईंना एकटं ठेवू नका. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू देऊ नका.